सुई न लागलेलं लुगडं

अक्का रेशमाच्या दुकानात जायच्या तेव्हा बसायला स्वतःचा पाट घेऊन जायच्या. फणसाच्या लाकडाचा, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला. दुकानात गिऱ्हाइकांसाठी पांढरीशुभ्र गादी अंथरलेली असे, तक्के असत, वर पंखा गरगरत असे. अक्का गादीला पाय लागू न देता बाजूला पाट टेकवायच्या, त्यावर बसायच्या, पदर सावरायच्या आणि दरबार भरवल्यासारख्या म्हणायच्या, "हं, काढा."

"दुकानदाराच्या गादीवर बसलं कीं आपण त्याचे पाहुणे होतों," त्या मला समजावत. "पाहुण्यानं भाव करायचा नसतो. आपल्या पाटावर बसलं कीं आपण आपल्या घरांत. मग काय वाटेल तें बोलतां येतं."

काफीचंही तेच. दुकानदार काफी मागवत, अक्का हातानंच ती परतवत आणि पिशवीतून स्वतःचा पितळी कूजा काढून त्यातली काफी पीत. परक्याची काफी प्याली की जीभ गोड होते आणि गोड जिभेनं भाव उतरत नाही, असं त्यांचं मत होतं. भाव जमेना की त्या एक लांब उसासा सोडत, "चल गो," म्हणून मला उठवत आणि तरातरा बाहेर पडत. पाट मात्र तिथंच राही. पहिल्यांदा मी म्हटलं, "अक्का, पाट राहिला." तर त्यांनी मला असा चिमटा काढला की संध्याकाळपर्यंत दंड दुखत होता. कुंभकोणमच्या साऱ्या दुकानदारांना ठाऊक होतं, पाट दुकानात आहे तोवर सौदा मोडलेला नाही. अक्का कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे उभ्या राहून मोगऱ्याला नावं ठेवत असत. थोड्या वेळानं दुकानातला माणूस धावत येई, "मामी, तुमचा पाट राहिला." अक्का डोळे मोठे करून म्हणत, "अय्यो, खरंच कीं!" आणि परत जाऊन त्याच पाटावर बसत.

त्या आमच्या घरमालकीण. तळ्याच्या मागल्या गल्लीत त्यांचं लांबलचक घर होतं. पुढच्या भागात त्या आणि त्यांचे अबोल यजमान, मागल्या भागात आम्ही भाडेकरू. माझे अप्पा शाळेत गणित शिकवत. आम्ही दोन्ही घरं मराठी, कुठल्या तरी काळी भोसल्यांच्या मागोमाग या मुलखात आलेल्यांची. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, असा आमचा सगळ्यांचा रिवाज. आमची मराठी कशी होती ते आम्हांला ठाऊक नव्हतं, कारण दुसरी कुठली ऐकलीच नव्हती. एकदा पुण्याहून कुणी पाहुणे आले. अक्कांचं बोलणं ऐकून ते कौतुकानं म्हणाले, "तुम्ही अगदी जुन्या बखरीतल्यासारखं बोलता हो!"

अक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "होय कां? तुम्ही मात्र काल जन्मल्यासारखं बोलतां."

त्यांना अक्का म्हणायचं हा त्यांचाच हुकूम होता. माझ्या आईहूनही त्या मोठ्या होत्या, पण मावशी, आत्या, मामी, काही चालत नसे. दुकानदार मामी म्हणत ते त्या ऐकून घेत, कारण तो व्यवहार. घरात नाही. "मामी म्हटलं कीं मागून मामा आला. आत्या म्हटलं कीं भाऊ आला. अक्का म्हणजे नुसती मीच."

रेशीम त्या डोळ्यांनी बघत नसत. डोळे मिटून पदराचं टोक कानाशी नेत, दोन बोटांत चोळत आणि ऐकत. मग निकाल. "ही बडबडी आहे, पहिल्या धुण्यात थकेल." "ही हिरवी फार गर्विष्ठ, सावळ्या मुलीला जवळ करणार नाही." लुगड्यांबद्दल त्या जाऊबाई-नणंदेबद्दल बोलावं तसं बोलत. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी बाईच्या निऱ्या वाकड्या दिसल्या तर भर बाजारात तिला थांबवून नीट करून देत, आणि ती बाई चिडायच्या आत पुढच्या वळणावर गेलेल्या असत.

देवळात तर एकदा फार झालं. नवरात्राची गर्दी, देवीचा शृंगार उघडला, सगळ्यांनी हात जोडले, आणि त्या शांततेत अक्कांचा खणखणीत आवाज आला, "पदराचा उलटा काठ वर आलाय!"

पुजारी कळवळला. "मामी, हे देऊळ आहे."

"म्हणूनच सांगतेंय. रस्ता असता तर येऊन हातानं नीट केलं असतं."

दुसऱ्या दिवशी काठ सुलटा होता. अक्कांना देवीकडे बघून हलकेच मान हलवताना मी पाहिलं. देवीनंही हलवली असावी.

अशा बाईच्या घरात मी वाढले आणि उंच वाढले. आईला माझ्या उंचीची काळजी, अक्कांना अभिमान. "नऊ वार लुगडं उंच बाईसाठींच जन्माला आलंय. बाकीच्या नुसत्या गुंडाळून घेतात," त्या म्हणत. माझं लग्न तंजावरच्या मुलाशी ठरलं तेव्हा पंचाण्णव टक्के आनंद अप्पांना झाला, उरलेला आईला. आईच्या आनंदाच्या आड मुलाची थोरली आत्या उभी होती.

आमच्या घराण्यांत मुहूर्ताचं लुगडं वधूकडचे घेतात. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ते परातीत ठेवून वरपक्षाच्या बायकांपुढे आणायचं, त्यांनी हळदकुंकू लावून परत द्यायचं. बस्स, एवढंच. पण या आत्याबाईंनी मागे घरातल्याच एका लग्नात परातीतलं लुगडं उलगडून पाहिलं, मिटलं आणि शांतपणे म्हटलं, "आम्ही आणलंय एक. तेंच नेसवा." ती मुलगी सासरच्या लुगड्यात बोहल्यावर उभी राहिली. तिच्या आईनं त्यानंतर कुणाच्या लग्नाला जाणं सोडून दिलं. आत्याबाईंचे पणजोबा तंजावरच्या राजवाड्यात जामदारखान्यावर, म्हणजे राजाच्या वस्त्रा-दागिन्यांच्या कोठारावर, होते म्हणे, आणि आत्याबाई अजून स्वतःला त्या पदावर समजत. आईनं जेवण टाकलं नाही एवढंच. रोज उठून ती एकच वाक्य बोले, "परात परत आली पाहिजे."

"येईल," अक्का म्हणाल्या. "लुगडं मी घेणार."

घेतलं ते आडि महिन्यात. त्या महिन्यात आमच्या मुलखात लग्नं होत नाहीत, दुकानं ओस पडलेली असतात आणि दुकानदार माशा मारत बसलेले असतात. अक्कांची खरेदी नेहमी तेव्हाच. आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या चेट्टियारांकडे गेलो. पाट टेकला. अरक्कु रंगाची, म्हणजे लाखेच्या लालसर तपकिरी रंगाची, लुगडी एकामागून एक उलगडली गेली. अक्का कानाशी नेऊन नाकारत होत्या. शेवटी चेट्टियारांनी कपाटाच्या तळातून एक घडी काढली आणि आपणहून म्हणाले, "ही अर्ध्या भावात देतो, मामी."

अक्कांचा हात हवेतच थांबला.

"मी मागितलं कां?"

"नाही, पण..."

"मी न मागतां भाव उतरवलात? इतक्या वर्षांत मी तुमचं काय वाईट केलं?"

चेट्टियार घाबरले आणि सगळं बोलून गेले. आडुतुरैच्या एका भातगिरणीवाल्यानं मुलीच्या लग्नासाठी खास विणून घेतलेलं हे लुगडं. किनारीचं चित्र त्यांच्या घरूनच काढून आलं होतं. लग्न मोडलं, लुगडं परत आलं. गावभर बोभाटा झालेला. मोडलेल्या लग्नाचं वस्त्र कोण घेणार? वर ते सहा वारच होतं, नव्या चालीचं. मुहूर्ताला तर तुम्हां लोकांना नऊ वार लागतं.

अक्कांनी घडी उलगडली. मी त्या दुकानात कितीदा तरी गेले असेन, पण अशी किनार पाहिली नव्हती. हंस नाहीत, मोर नाहीत, रुद्राक्ष नाहीत. भाताच्या लोंब्या होत्या. पिकून वाकलेल्या, जरीच्या, एकीवर एक ओणवलेल्या, आणि मध्येच एखादा बगळा लांब मान करून उभा. अक्कांनी डोळे मिटून ते रेशीम कानाशी नेलं. डोळे उघडले तेव्हा त्या कुजबुजल्या, "ही कांहीं बोलत नाहीं गो. नुसती ऐकते."

मग त्या चेट्टियारांकडे वळल्या. "लग्न माणसांचं मोडलं. रेशमानं काय केलं? आधीं मूळ भाव सांगा."

"मामी, मी अर्धा म्हणतोय ना!"

"तो तुमचा अर्धा. मला माझा पाहिजे. मूळ सांगा."

बिचाऱ्यानं मूळ सांगितला. अक्कांनी तो ऐकून कपाळाला हात लावला, जरीत खोट काढली, उसासा सोडला, मला उठवलं, पाट ठेवून बाहेर पडल्या, मोगऱ्याला नावं ठेवून परत आल्या, आणि भाव उतरत उतरत शेवटी चेट्टियारांच्या अर्ध्यावरच येऊन थांबला. दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान होतं.

घरी आईनं कानांवर हात ठेवले. "मोडल्या लग्नाचं? माझ्या मुलीच्या अंगावर? अक्का, त्या मुलीचा तळतळाट असेल त्यात."

"असेल कीं नसेल, तिलाच विचारूं," अक्का म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच मला घेऊन आडुतुरैला निघाल्या. गाडीत मी देवाचं नाव घेत होते. गिरणीवाल्याच्या घरी त्यांनी सांगितलं की आम्ही मुलीला भेटायला आलोय, आणि पाट नसतानाही अशा बसल्या की कुणाची कारण विचारायची छाती झाली नाही.

मुलगी आली. माझ्याच वयाची, चष्मा, हाताला शाईचे डाग. अक्कांनी तमिळमध्ये सरळ विचारलं, "तुझं लुगडं मी या पोरीसाठी घेतलंय. तुझ्या मनात काही असेल तर आत्ता सांग. दुकानात परत देते."

मी जमीन दुभंगायची वाट पाहत होते. मुलगी हसली. "नको म्हणणारी मीच होते, मामी. किनार मी काढली होती, नवरा वडिलांनी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा नवरा कुणी काढलाय?"

"अप्पांनी," मी म्हटलं. "पण मला आवडलाय."

"मग नेस. ती लोंबी मी शेताच्या बांधावर बसून काढली आहे, कपाटात कुजायला नाही." आणि आम्ही उठताना ती मागून म्हणाली, "एवढंच करा. तिला कात्री लावू नका."

"आमच्यात मुहूर्ताच्या वस्त्राला सुईसुद्धा लागत नाही," अक्कांनी शब्द दिला.

शब्द दिला, आणि परतीच्या गाडीत त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो. लुगडं सहा वार. मी ही एवढी उंच. मुहूर्ताला नऊ वार हवं, आणि दोन तुकडे शिवून जोडायचे तर सुई आली. सुई लागलेलं वस्त्र आमच्यात मंगल कार्याला चालत नाही. शब्द दिला नसता तरी चाललं नसतं.

"मग?" मी विचारलं.

"मग हातमाग," अक्का म्हणाल्या. "वाढवायचं."

विणकर राघवय्यांचं घर पूर्वी गुजरातेकडून आलेल्या सौराष्ट्र विणकरांच्या गल्लीत होतं. बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, सूत उकललेलं, आत मागाची खटखट. राघवय्यांनी लुगडं पाहिलं आणि हात जोडले. मागावरून उतरलेलं वस्त्र पुन्हा मागावर चढवायचं? तीन वार पुढे विणायचं? "मामी, जन्मलेलं मूल परत पोटात घालतात का?"

"परत कुठं घालायला सांगतेय? वाढवायला सांगतेय. जन्मलेलं मूल वाढतच असतं."

राघवय्या म्हणाले, करता येईल. पण आतल्या टोकाचं थोडं विणकाम उसवून उभे दोरे मोकळे करावे लागतील, आणि त्यातल्या प्रत्येक दोऱ्याला नवा दोरा बोटानं वळून जोडावा लागेल. एकेक. केसाएवढे बारीक दोरे. ते त्यांची बायको करते, आणि ती हे करणार नाही.

आतून बायको ओरडली, "करणार नाही!"

अक्कांनी घरून पाट मागवला. त्या तिण्णैवर बसल्या आणि वाद घालण्याऐवजी नुसतं लुगडं उलगडून मांडीवर ठेवलं. थोड्या वेळानं राघवय्यांची बायको दारात आली, मग ओट्यावर, मग किनारीवर वाकली. "बगळा कुणी काढला?" तिनं विचारलं. अक्कांनी आडुतुरैच्या मुलीची सगळी हकीगत सांगितली, नवरा नको म्हटल्याची सुद्धा. बायकोनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, बोटांना राख लावली आणि जमिनीवर बसली.

मी ते काम पाहिलं आहे. जुना दोरा, नवा दोरा, चिमटीत राख, एक वळसा. पुन्हा जुना, पुन्हा नवा. गाठ नाही, सुई नाही. लुगडं मागल्या बाजूनं हळूहळू लांब होत जाणार होतं, वेल वाढते तसं. अक्का पाटावर बसून बघत होत्या आणि राख कशाची असावी यावर मत देत होत्या.

चूक झाली ती रंगात, आणि ती अक्कांची होती. आडि महिन्यात कावेरीला नवं पाणी येतं. लाल, गढूळ, माती घेऊन आलेलं. रंगाऱ्यानं सांगितलं होतं, पाणी निवळू द्या, मग रेशीम रंगवतो. अक्कांना कुठला दम! पुढचा आवणी महिना लागताच लग्न होतं. "पाणी काय, पाणी! तू रंग नीट कालव," म्हणून त्यांनी रंगवून घेतलं. ओलं असताना ते जुन्याशी तंतोतंत जुळलं. विणून झालं, उन्हात उलगडलं, आणि राघवय्या म्हणाले, "मामी..."

सहा वार अरक्कु होते. तीन वार त्याहून गडद होते, जुन्या वाळलेल्या कुंकवासारखे. फार नाही, एखाद्या छटेनं. पण दिसत होतं. नेसल्यावर पदर एका रंगाचा आणि मागला काष्टा दुसऱ्या रंगाचा दिसणार होता. पुन्हा रंगवायला, उसवायला, विणायला दिवस उरले नव्हते.

आई भिंतीला टेकून बसली. ती रडली नाही. "परात परत येणार," एवढंच म्हणाली, पण आता त्या वाक्याचा अर्थ उलटा झाला होता.

अक्का त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांच्या यजमानांनी जेवताना दोनदा विचारलं, "बरं नाही का?" हा त्यांच्या वर्षभराच्या बोलण्याचा साठा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का उठल्या, पाट घेतला आणि राघवय्यांकडे गेल्या. जोडाच्या जागी जरीची एक बारीक आडवी रेघ त्यांनी सुईशिवाय, बोटांनी दोऱ्यांमधून सरकवून, घालून घेतली. मला वाटलं, सांधा झाकण्यासाठी.

"झांकायला नाहीं," अक्का म्हणाल्या. "दाखवायला. आपण दाखवलं नाहीं तर ती शोधून काढील. आणि शोधून काढलेली चूक ही चूकच राहते."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी परात बायकांच्या मध्ये ठेवली. समया, हळदकुंकू, केळी. आई परातीशेजारी बसली होती, पण तिचे डोळे परातीवर नव्हते, आत्याबाईंच्या बोटांवर होते. मी दाराआडून पाहत होते. आत्याबाई बारक्या, वाळलेल्या, नाकात मोठी बेसरी. त्यांनी लुगड्याला कुंकू लावलं नाही. आधी पदर उलगडला, लोंब्यांवरून बोट फिरवलं, काही न बोलता पुढे उलगडत गेल्या आणि जोडावर येऊन बोट थांबलं. बोटानं रेघेच्या अलीकडे पाहिलं. पलीकडे पाहिलं.

"हें काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"ओळखलात!" अक्कांनी टाळी वाजवली. "आम्ही म्हणतच होतों, तंजावरचं जाणतं कुणी असेल तर एका नजरेंत ओळखील. इथं कुंभकोणांत कुणाला कळतंय! दुहेरी लुगडं. वाड्यांतल्या लेकींना देत असत तें. तुम्हांला मी काय सांगायचं? तुमचे पणजोबा तर जामदारखान्यावरच."

आत्याबाईंचं बोट हललं नाही.

अक्कांनी आवाज खाली आणला. अशा वेळी त्यांचा आवाज इतका मऊ होई की माणसं पुढे सरकत. "गडद रंग माहेरचा. तो आंत, अंगाशी. उजळ रंग सासरचा. तो बाहेर, खांद्यावर, चार लोकांत मिरवायचा. मध्यें जरीचा उंबरा. सुई नाहीं, कात्री नाहीं, एकाच दोऱ्यानं दोन्हीं घरं विणलेलीं. आतां कोण करतं हें? अस्कीं विसरलीं, सगळींच. म्हटलं, तंजावरच्या घरांत मुलगी जातेय, तिथं तरी विसरले नसतील."

मी दाराआड होते, मला सगळं ठाऊक होतं, नदीचं पाणीही ठाऊक होतं, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्याही आलं. मला वाटतं क्षणभर तिलाही ते खरं वाटलं.

आणि पेच बघा. आत्याबाईंनी 'असं काही नसतं' म्हणावं, तर राजवाड्यातली एक रीत आपल्याला ठाऊक नाही असं चारचौघींत कबूल केल्यासारखं. त्यांनी मान वर करून अक्कांकडे पाहिलं. अक्काही त्यांच्याकडे पाहत राहिल्या. दोघींच्या मध्ये समयीची ज्योत तेवढी हलत होती.

"होय कीं," शेवटी आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या आजीचं असंच होतं."

त्यांनी कुंकू लावलं. परात परत आली. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चुलीजवळ उभ्या उभ्या एक लाडू अख्खा खाल्ला.

पण सकाळी मला नेसवायची वेळ आली तेव्हा खोलीचं दार ढकलून आत्याबाई आल्या. काखेत गाठोडं होतं. गाठोड्यातून हिरव्या रेशमाचं टोक दिसत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर जा, वैनी. सगळ्या जणी जा. अक्का राहूं द्यात."

दार लागलं. खोलीत मी, अक्का आणि आत्याबाई. अंगणातून सनईवाल्याचा सूर लावण्याचा आवाज येत होता. आत्याबाईंनी पाटावर ठेवलेलं लुगडं उचललं, खिडकीशी नेलं आणि जोड उजेडात धरला.

"आतां सांगा. रंग कुठं चुकला?"

अक्कांनी तोंड उघडलं. त्या पुन्हा राजवाड्यात शिरणार हे मला त्यांच्या भुवयांवरून कळलं. आत्याबाईंनी हात वर केला.

"मी कालच सांगितलं, आमच्या आजीचं असंच होतं. खरंच होतं. ती हीच गोष्ट सांगायची. अंगाशी माहेर, खांद्यावर सासर. आम्ही लहानपणीं रडायचों ऐकून." त्यांनी लुगड्याचा जोड खाली केला. "माझ्या आईनं मला मागाहून सांगितलं. आजीच्या बापाकडे पैसे पुरले नाहींत. राहिलेलं रेशीम उशिरां घेतलं आणि नव्या पाण्यांत रंगवलं."

मी अक्कांकडे पाहिलं. देवळात देवीला, बाजारात परक्यांना, पुण्याच्या पाहुण्यांना जिनं कधी शेवटचा शब्द बोलू दिला नाही, ती बाई उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीती नव्हती. लहान मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसं निव्वळ कुतूहल होतं. माझी आई दाराबाहेर उभी होती, माझं लग्न त्या एका क्षणावर लटकलं होतं, आणि अक्का एक पाऊल पुढे होऊन म्हणाल्या,

"मग त्यांचे दोरे कुणी जुळवले हो? राख लावून, कीं खळ?"

आत्याबाईंच्या नाकातली बेसरी थरथरली. मला वाटलं, आता. आणि ती बारकी, वाळलेली बाई हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, पदर तोंडात धरून. गाठोडं तिनं खुंटीला अडकवलं आणि ते उघडलंच नाही.

"राख," ती म्हणाली. "नारळाच्या शेंड्यांची. माझ्या आईनं पाहिलं होतं."

"बघा! मी त्या बाईला सांगत होतें, शेंड्यांची घे म्हणून!"

मग दोघींनी मला मध्ये घेतलं. एकीनं गडद टोक धरलं, एकीनं उजळ. एक म्हणे निऱ्या तंजावरी घाल, दुसरी म्हणे लोंब्या दिसायला हव्यात, इकडून आण. काष्टा कुणी ओढायचा यावर भांडण झालं. बगळा गुडघ्यावर यावा की पोटरीवर, यावर तर फारच. मी त्या दोघींच्या चार हातांत बाहुलीसारखी फिरत होते, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी खरोखरच उंच आहे.

दारावर थाप पडली. "मुलीला आणा! वेळ होतेय!" भटजी ओरडले.

"थांबा!" दोघी एका सुरात ओरडल्या. आणि भटजी, अख्ख्या कुंभकोणमात कुणाचं न ऐकणारे आमचे भटजी, थांबले.